हागुरो पर्वत व शोरेईसाई

हागुरो हा जपानच्या ईशान्य भागातील यामागाता प्रांतात, त्सुरुओका शहराच्या हद्दीत असलेला पवित्र पर्वत असून त्याची उंची अवघी ४१४ मीटर आहे. गास्सान (१,९८४ मी.) आणि युदोनो या शेजारच्या दोन पर्वतांसह त्याला ‘देवा सानझान’, म्हणजे देवा या जुन्या प्रांतातील तीन पर्वत, असे म्हणतात. तिघांत तो सर्वांत ठेंगणा असला तरी यात्रेकरूंच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मोठे आहे, कारण उरलेली दोन देवस्थाने हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतात आणि त्या काळात तिन्ही पर्वतांच्या देवतांची पूजा हागुरोच्या माथ्यावरील सांजिन गोसाईदेन या एकाच मंदिरात होते. सध्याची वास्तू १८१८ मधील आहे. तिचे गवताने शाकारलेले छप्पर सुमारे दोन मीटर जाड आहे.

परंपरेनुसार या स्थानाची स्थापना ५९३ साली राजपुत्र हाचिको याने केली. त्याचे वडील सम्राट सुशुन यांची ५९२ मध्ये हत्या झाल्यावर तो उत्तरेकडे निघून आला आणि तीन पायांच्या कावळ्याने त्याला या डोंगरावर आणले, अशी आख्यायिका आहे. पुढे येथे शुगेनदो हा पर्वतांत तपश्चर्या करण्याचा पंथ रुजला. यामाबुशी म्हणून ओळखले जाणारे त्याचे साधक शंख फुंकतात. शिंतो हा जपानचा मूळ धर्म आणि बौद्ध उपासना येथे शतकानुशतके एकत्र नांदत होत्या; १८६८ नंतर सम्राट मेइजीच्या शासनाने त्या सक्तीने वेगळ्या केल्या आणि १८७२ मध्ये शुगेनदोवर बंदी घातली. हागुरोवरील बौद्ध वास्तूंपैकी बऱ्याच त्या वेळी गेल्या, पण पाच मजली लाकडी पॅगोडा वाचला. सुमारे २९ मीटर उंचीची ही चौदाव्या शतकातील वास्तू आज राष्ट्रीय ठेवा मानली जाते.

पायथ्याच्या झुइशिनमोन दरवाजापासून माथ्यापर्यंत २,४४६ दगडी पायऱ्या आहेत. सतराव्या शतकात तेन्यू या मठाधिपतीच्या काळात त्या बांधल्या गेल्या. दोन्ही बाजूंना शेकडो वर्षांचे सुगी, म्हणजे जपानी देवदार, वृक्ष उभे आहेत. काही पायऱ्यांवर साके या तांदळाच्या मद्याचा पेला, भोपळा अशी छोटी चित्रे कोरलेली असून अशी ३३ चित्रे शोधणाऱ्याची इच्छा पूर्ण होते, असे सांगतात. हिवाळ्यात मात्र पायऱ्याच बर्फाखाली जात असल्याने हा नाद सोडलेला बरा.

येथील प्रमुख हिवाळी उत्सव शोरेईसाई ३१ डिसेंबरच्या दुपारपासून नववर्षाच्या पहाटेपर्यंत चालतो. पायथ्याच्या तोगे गावातील दोन ज्येष्ठ यामाबुशी, ‘इजो’ आणि ‘सेंदो’, यासाठी २४ सप्टेंबरपासून शंभर दिवसांचे व्रत पाळतात आणि पाच धान्ये ठेवलेल्या एका छोट्या गवती खोपटापुढे प्रार्थना करतात. उत्सवाच्या केंद्रस्थानी एक किडा आहे. लोकांना पिडणाऱ्या राक्षसाला त्सुत्सुगामुशी या रोगवाहक किड्याच्या रूपात दाखवणारे दोन प्रचंड पलिते गवत आणि दोरांनी बांधले जातात. पुढे त्यांचे दोर तोडून जमावात फेकले जातात. तुकडा हाती यावा म्हणून अक्षरशः झोंबाझोंबी होते, आणि मिळालेला दोर घराच्या वळचणीला रक्षणासाठी टांगतात. विदर्भातही आढळणाऱ्या स्क्रब टायफस या तापाच्या जिवाणूचे शास्त्रीय नाव ‘ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी’ असे आहे, हे लक्षात घेतले तर या भीतीमागे केवळ कल्पना नव्हती हे पटते.

रात्री यामाबुशी मंदिरात कावळ्यासारखी झेप घेण्याची चढाओढ करतात. सशाचा वेष घेतलेला एक जणही त्यांत असतो. त्यानंतर बाहेर इजो आणि सेंदो या दोन्ही पक्षांचे तरुण आपापला पलिता बर्फावरून ओढत नेऊन पेटवतात. इजोचा पक्ष जिंकला तर पीक चांगले येते आणि सेंदोचा जिंकला तर मासळी भरपूर मिळते, असा समज असल्याने कोणीही जिंकले तरी परिसराचे नुकसान होत नाही. उत्सवाच्या अखेरीस नव्या वर्षासाठी नवा अग्नी पेटवला जातो. २०१४ मध्ये शोरेईसाईला महत्त्वाच्या अमूर्त लोकवारशाचा दर्जा मिळाला.

तोक्योहून शिनकान्सेन या अतिवेगवान रेल्वेने निइगाता आणि तेथून इनाहो एक्सप्रेसने त्सुरुओका गाठता येते. त्सुरुओका स्थानकापासून बस मिळते. माथ्यापर्यंत वाहनरस्ता असल्याने पायऱ्या चढणे सक्तीचे नाही. तोगेतील यात्रेकरूंच्या ‘शुकुबो’ निवासांत आणि माथ्यावरील ‘साईकान’ येथे राहण्याची सोय असून जेवणात डोंगरातील भाज्या आणि तिळाचे टोफू यांचा मोठा वाटा असतो.