चर्चा झाली, पावत्या किती फाटल्या?

आमच्याकडे साइट ठेवणाऱ्या सॉफ्टवेअर व्यावसायिकांसाठी माहितीपत्रक

हॅकर न्यूज, रेडिट, प्रॉडक्ट हंट अशा लिंका आणि नवी उत्पादनं चर्चेला येणाऱ्या साइटवर आपल्या उत्पादनाचं नाव वर चढलं की महिन्याभराची वर्दळ एका दिवसात येऊ शकते. त्यातून धंदा होतो का? ग्राहक त्या गर्दीतच असेल तर होतो. तो दुसरीकडे असेल तर सर्व्हरवर ताण येतो, एवढंच.

ग्राहक गर्दीत आहे का?

फायली इंटरनेटवर साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्सचा होता. २००८ मध्ये डिग या लिंका-मतांच्या साइटवर गाजलेल्या एका छोट्या व्हिडिओमुळे त्यांची प्रतीक्षायादी ५,००० वरून ७५,००० वर गेली. व्हिडिओ पाहणारेच फायली पेनड्राइव्हवर घेऊन फिरणारे होते. तरी पुढची मोठी वाढ आली ती मित्राला आणलं की दोघांनाही जादा जागा देणाऱ्या योजनेतून.

रीथिंकडीबीचं उलट झालं. २००९ मध्ये सुरू झालेली ही डेटाबेस कंपनी प्रोग्रॅमरांची लाडकी होती, पण २०१६ मध्ये बंद पडली. वापरणारे हजारो होते. खिशात हात घालणारे फार थोडे.

सॉफ्टवेअर लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह डब्यात बांधून कुठेही चालवता येणारं साधन म्हणजे डॉकर. त्याची गोष्ट अधिक शिकण्यासारखी. २०१३ पासून जगभर बोलबाला, तरी नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांसाठीचा व्यवसाय मिरँटिस या कंपनीला विकावा लागला. मग ऑगस्ट २०२१ मध्ये अट आली: २५० हून अधिक कर्मचारी किंवा १ कोटी डॉलरहून अधिक वार्षिक उत्पन्न असलेल्या कंपनीनं डॉकर डेस्कटॉपचे, म्हणजे संगणकावर बसवायच्या डॉकरचे, पैसे भरायचे. लोक तेच, कौतुक तेच; पैसे कोणाकडे मागायचे ते बदललं.

मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट, म्हणजे धंद्याचा हिशेब-साठा सांभाळणारं सॉफ्टवेअर, वेगळ्या वाटेनं जातं. कारखानदार असल्या चर्चा वाचत नाही, पण कोड खुला असल्यानं प्रोग्रॅमर तो उचलतात आणि कारखान्यात बसवून देतात. तुमचा ग्राहक दवाखाना, सोसायटी किंवा ट्रान्सपोर्टवाला असेल, तर असा मधला माणूस तुमच्या धंद्यात आहे का, हे आधी बघा. नसेल तर गर्दीमागे धावू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे.

साइट कुठे अडकते

आलेली गर्दी बहुतेक एकच पान उघडते, लिंक दिलेलं. वर्डप्रेस ते पान प्रत्येक भेटीला नव्यानं बनवतं. ते काम करणारं पीएचपी-एफपीएम डेबियन-उबुंटू या लिनक्सवर मूळ सेटिंगमध्ये एका वेळी जास्तीत जास्त ५ प्रोसेस चालवतं. एका पानाला अर्धा सेकंद लागला तर सेकंदाला १० पानं निघतात. त्यापुढचे रांगेत उभे राहतात.

मग घाईघाईनं तो आकडा २०० केला जातो, आणि इथेच घात होतो. एक प्रोसेस साधारण ५०-६० एमबी मेमरी घेते. २ जीबीच्या सर्व्हरवर डेटाबेस धरून विसाच्या पुढे गेलात की मेमरी संपते, आणि लिनक्स सगळ्यात जास्त मेमरी खाणारी प्रोसेस मारतं. ती बहुधा मायएसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच, असते. मेमरी भरपूर असली तरी मायएसक्यूएल मुळात १५१ जोडण्यांपुरतंच बांधलेलं असतं.

खरा इलाज पान कॅशेतून, म्हणजे आधी बनवून ठेवलेल्या प्रतीतून, देण्याचा. तो चालू आहे का, हे स्वतः तपासा: ब्राउझरच्या खासगी खिडकीत पान दोनदा उघडा, डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क विभागात जा, पहिल्या ओळीचे रिस्पॉन्स हेडर बघा. कॅशे-स्टेटसपुढे ‘हिट’ हवं. ‘मिस’ किंवा ‘बायपास’ येत असेल आणि खाली ‘सेट-कुकी’ दिसत असेल, तर कुठलंतरी प्लगइन प्रत्येक पाहुण्याला कुकी चिकटवतंय, आणि त्यामुळे पान कॅशेतून जात नाही. फॉर्मची आणि कार्टची प्लगइन पहिली तपासा.

पोस्ट टाकण्याआधी

प्रॉडक्ट हंटचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्यरात्री बदलतो; म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा, हिवाळ्यात दीड. अमेरिकेची सकाळ आपल्या संध्याकाळी उजाडते, म्हणून रात्री दोनपर्यंत उत्तरं द्यायला जाणकार माणूस बसवा. हॅकर न्यूजच्या ‘शो एचएन’ (आपण बनवलेलं दाखवण्याच्या) पोस्टला वापरून बघता येईल अशी वस्तू लागते; नुसतं नावनोंदणीचं पान चालत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर मतं मागू नका. ते नियमाविरुद्ध आहे आणि पकडलं जातं.

नोंदणीत फक्त +९१ चा ओटीपी असेल तर परदेशी पाहुणा तिथूनच परत जातो. आंतरराष्ट्रीय कार्डं पेमेंट गेटवेवर बऱ्याचदा वेगळी चालू करून घ्यावी लागतात, त्यासाठी कागदपत्रं आधीच द्या. आयजीएसटी न भरता निर्यातीचं बिल करायचं तर त्या आर्थिक वर्षाचं एलयूटी, म्हणजे हमीपत्राचा आरएफडी-११ फॉर्म, भरलेला हवा.

हिशेब ९० दिवसांनी

भेटींच्या आलेखावर विसंबू नका. तांत्रिक लोकांच्या ब्राउझरमध्ये जाहिरात-रोधक असतो, तो ॲनालिटिक्सलाही अडवतो. खरा आकडा सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये सापडतो. मोबाइल ॲपमधून किंवा फॉरवर्डमधून आलेला माणूस ‘डायरेक्ट’ म्हणून नोंदला जातो. त्यामुळे पहिल्या भेटीतला रेफरर (कोणत्या साइटवरून आला) आणि यूटीएम (लिंकेला जोडलेली खूण) कुकीत ठेवा, नोंदणीच्या फॉर्ममध्ये लपवलेल्या रकान्यातून ग्राहकाच्या नोंदीत उतरवा, आणि शेजारी ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ हा उघड प्रश्नही विचारा.

समजा २०,००० भेटी आल्या, ३०० नोंदण्या झाल्या, ३० दिवसांनी ४० जण वापरत होते आणि ९० दिवसांनी ६ जण महिना ₹८०० भरत होते. महिन्याला ₹४,८०० झाले. तयारीत दोन प्रोग्रॅमरांचा आठवडा गेला असेल तर त्याचा पगार या आकड्याशेजारी मांडा. एरवी मिळणारे लाभ, म्हणजे नोकरीचे चांगले अर्ज, नेमके बग रिपोर्ट, इतर साइटवरच्या लिंका, वेगळ्या रकान्यात लिहा. विक्रीत मिसळू नका.

आमच्याकडून काय मिळेल

पोस्टच्या किमान दोन कामाचे दिवस आधी पानाची लिंक आणि वेळ कळवा. आम्ही कॅशे तपासून, पानावर लोड टेस्ट (मुद्दाम गर्दी पाडून चाचणी) घेऊन, प्रोसेसचा आकडा मेमरीप्रमाणे बसवून देतो. सर्व्हर ऐनवेळीही मोठा करता येतो, पण त्यासाठी तो बंद करून पुन्हा चालू करावा लागतो आणि तेवढी मिनिटं साइट दिसत नाही.