इंग्रजी आडनावाचा शोध : काम सोपवण्याआधी वाचा

आजचं स्पेलिंग खरं आणि जुन्या वहीतलं चुकीचं, असं धरून चाललं की शोध लवकरच अडतो. चर्चच्या वहीत नाव लिहायचा तो पाद्री किंवा कारकून, आणि तेही ऐकू येईल तसं. ज्याचं नाव, त्याला अनेकदा अक्षरओळख नसे. त्यामुळे क्लार्कच्या शेवटी ‘ई’ आहे की नाही, स्मिथमध्ये ‘आय’ की ‘वाय’, एवढ्यावरून घराणी वेगळी मानू नका.

हातातल्या कागदापासून एकेक पिढी मागे जा. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जुलै १८३७ला सुरू झाली. या नोंदींची सूची १९८३पर्यंत तिमाहीची आहे आणि ती नोंदणीच्या तारखेवर चालते. डिसेंबरमधलं बाळ पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडू शकतं. १८३७च्या मागे चर्चच्या वह्या. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८चा, पण बऱ्याच गावांच्या वह्या नंतरच्या काळापासूनच उरल्या आहेत.

उच्चारावरून शोधायला साउंडेक्स वापरतात : पहिलं अक्षर तसंच, पुढच्या व्यंजनांचे तीन अंक. स्मिथची दोन्ही स्पेलिंगं ‘एस ५३०’वर येतात. पण पहिलं अक्षरच बदललं की ही पद्धत फसते. नाइट ‘के’ने लिहिलं तर ‘के ५२३’, ‘एन’ने लिहिलं तर ‘एन २३०’. ‘एच’ गळतो तिथेही हेच होतं. अशा वेळी आडनाव सोडून द्या आणि नाव, गाव व अंदाजे वर्ष यांवर शोधा. जोड ‘एस’मधला पहिला ‘एस’ पूर्वी लांब लिहीत. तो ‘एफ’ वाचला गेल्याने रॉसची नोंद सूचीत ‘रॉफ्स’ म्हणून पडलेली असते.

आडनावाचा अर्थ दिशा दाखवतो, नातं सिद्ध करत नाही. फुलर, टकर, वॉकर हे तिघेही विणलेलं कापड तुडवून घट्ट करणारे. फुलर मुख्यतः आग्नेय इंग्लंडातले, टकर नैर्ऋत्येचे, वॉकर उत्तरेचे. मात्र धंदा गावोगाव होता, म्हणून दोन वॉकर भाऊबंद असतीलच असं नाही. ‘आडनावाचं मानचिन्ह’ (ढालीवरचं खानदानी चिन्ह, कोट ऑफ आर्म्स) आम्ही विकत नाही. इंग्लंडात ते एका व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नव्हे.

पूर्वज पुणे किंवा खडकीच्या छावणीत असेल, तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह व दफनाच्या नोंदींची ‘एन/३’ ही मालिका पाहावी लागते.

आमच्याकडे सर्वांत जुन्या कागदाचा किंवा थडग्यावरच्या मजकुराचा स्पष्ट फोटो पाठवा. स्पेलिंग सुधारू नका. आईचं माहेरचं आडनाव जरूर कळवा. एकाच नावाचे दोघे निघाले, तर बहुधा त्यावरूनच निवाडा होतो.