ढग आले ते बरं झालं

सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला २२ जानेवारी १८९८ रोजी दुर्बिणींची गर्दी झाली होती. खग्रास सूर्यग्रहण होतं. पुण्याहून कावसजी नायगांववाला आले होते आणि थेट कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेतून विल्यम कॅम्बेल. आभाळ स्वच्छ, काम फत्ते. जानेवारीत त्या भागात ढग यायचे तरी कुठून! पुढे मात्र कॅम्बेलसाहेबांना ग्रहणांनी बरंच रडवलं. आणि त्या रडण्यात आइनस्टाइनचं भलं झालं.

१९११ साली आइनस्टाइनने हिशेब मांडला की, ताऱ्याचा प्रकाश सूर्याला घासून येताना ०.८३ विकला वाकेल. विकला म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग. सूर्यालगतचे तारे एरवी दिसत नाहीत, म्हणून खग्रास ग्रहणातच त्यांचे फोटो काढायचे. सूर्य तिथून सरकल्यावर रात्री त्याच ताऱ्यांचे पुन्हा काढायचे आणि ठिपके किती हलले ते मोजायचं. झालं!

पण होईना. १९१२ साली ब्राझीलमध्ये अर्जेंटिनाहून आलेल्या पेरीन यांच्या तुकडीला पावसाने धुऊन काढलं. २१ ऑगस्ट १९१४च्या ग्रहणासाठी जर्मनीचा तरुण खगोलशास्त्रज्ञ एर्विन फ्रॉइंडलिश क्रिमियात पोहोचला. १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. शत्रूच्या मुलखात दुर्बिणी घेऊन आलेला जर्मन! रशियनांनी त्याला पकडलं आणि उपकरणं जप्त केली. अमेरिका युद्धात नव्हती, त्यामुळे कीवजवळ तळ ठोकलेल्या कॅम्बेलना कुणी हात लावला नाही. त्यांच्यावर फक्त ढग आले. वर त्यांची उपकरणंही रशियात अडकली, ती १९१८च्या ग्रहणापर्यंत परत आली नाहीत.

आता गंमत बघा. १९११चा आकडा चुकीचा होता. आइनस्टाइनने तेव्हा गुरुत्वाकर्षणाने काळ मंदावतो एवढंच धरलं होतं. सूर्याजवळ अवकाशही वक्र होतं, हे नव्या सिद्धांतात आल्यावर नोव्हेंबर १९१५मध्ये आकडा दुप्पट झाला, सुमारे १.७ विकला. एक रुपयाचं नाणं अडीच किलोमीटरवरून जेवढं दिसेल, साधारण तेवढा कोन.

समजा, १९१४ला आभाळ स्वच्छ असतं आणि फोटो नीट आले असते. मोजमाप भाकिताच्या दुप्पट निघालं असतं आणि 'आइनस्टाइन चुकला' अशी बोंब झाली असती. नंतर त्याने बरोबर आकडा काढला असता तरी, पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून गणित जुळवलं, असंच लोक म्हणाले असते. विज्ञानात भाकीत आधी आणि मोजमाप नंतर, या क्रमाला फार किंमत असते. तो क्रम इथे ढगांनी आणि लढाईने राखला.

उशिराचा आणखी एक फायदा झाला. २९ मे १९१९च्या ग्रहणात सूर्यामागे रोहिणीजवळचा हायडीझ तारकागुच्छ होता, म्हणजे मोजायला भरपूर ठळक तारे. आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनच्या डोक्यावर त्या सकाळी मुसळधार पाऊस. दुपारी ढग विरळ झाले, पण पूर्ण हटले नाहीत. खग्रास स्थिती ३०२ सेकंद टिकली. तेवढ्यात फोटोच्या १६ काचा बदलायच्या, त्यामुळे गड्याने ग्रहण धड पाहिलंसुद्धा नाही! ब्राझीलमधल्या सोब्राल गावी दुसरी तुकडी होती. ते तारे रात्रीच्या आभाळात यावेत म्हणून तिला जुलैपर्यंत खोळंबावं लागलं. मग पहाटे उठून त्यांनी त्याच दुर्बिणीतून तुलनेचे फोटो घेतले. प्रिन्सिपेच्या तुकडीला एवढं थांबता आलं नव्हतं. सगळ्यात भरवशाचं मोजमाप सोब्रालच्या लहान दुर्बिणीचं निघालं, १.९८ विकला, प्रिन्सिपेचं १.६१. ६ नोव्हेंबरला लंडनमध्ये निकाल जाहीर झाला आणि आइनस्टाइन जगभर गाजला.

कॅम्बेलनाही अखेर फळ मिळालं. १९२२ला ऑस्ट्रेलियात त्यांच्या काचांवरून १.७२ विकला आले, जेऊरनंतर २४ वर्षांनी.

फ्रॉइंडलिशचं काय? कैद्यांच्या अदलाबदलीत तो लवकरच सुटला, पण ग्रहण हुकलं ते हुकलंच. 'उशीर झाला ते बरं झालं' हे त्याला कुणी ऐकवलं असतं तर त्याने काय उत्तर दिलं असतं, कोण जाणे. पुढे पंधरा वर्षांनी, १९२९ साली, सुमात्रात त्याला एकदाचे चांगले फोटो मिळाले. मोजमाप आलं २.२४. आइनस्टाइनच्या आकड्याशी ते जुळेना, आणि फ्रॉइंडलिश आपला आकडा सोडेना.