पार्श्वभूमी : कॅनडातला हॉकी कार्डांचा छंद घराला जड का झाला

आइस हॉकीच्या खेळाडूंची कार्डं जमवणं हा कॅनडातल्या मुलांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा छंद. मिसिसागा-ब्रॅम्प्टनच्या मराठी घरांतली मुलंही शाळेतल्या मित्रांचं बघून त्यात ओढली जातात. मग आईवडील विचारतात, अडीच बाय साडेतीन इंचांच्या पुठ्ठ्याला एवढे पैसे कसले? करोनाकाळात भाव चढले हे खरं, पण दुखण्याचं मूळ बरंच जुनं आहे.

सुरुवातीला कार्ड सुटं विकत मिळत नसे, दुसऱ्या मालाबरोबर येई. १९१०-११ च्या हंगामात इम्पीरियल टोबॅकोने सिगारेटच्या पाकिटांत ३६ खेळाडूंची कार्डं घातली. पहिल्या महायुद्धानंतर गोळ्या-चॉकलेटवाले पुढे आले. ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ब्रँटफर्डच्या विल्यम पॅटरसन कंपनीने १९२३-२४ मध्ये ४० कार्डांचा संच काढला. पूर्ण संच आणून देणाऱ्याला बक्षीस होतं, पण बर्ट कॉर्बोचं २५ क्रमांकाचं कार्ड अगदी मोजकंच छापलेलं. चाळिसातलं एक मिळेना म्हणून पोरं गोळ्या घेत राहिली. टंचाई कारखान्यातच तयार करायची ही रीत अशी शंभर वर्षांची आहे.

याच्या उलट उदाहरणही त्याच प्रांतातलं. पोर्ट क्रेडिट, म्हणजे आजच्या मिसिसागातच, सेंट लॉरेन्स स्टार्चचा कारखाना होता. त्यांच्या बी हाइव्ह कॉर्न सिरपच्या डब्यावरची कागदी कॉलर पोस्टाने पाठवली की मागाल त्या खेळाडूचा फोटो घरी येई. १९३४ ते १९६७ अशी ही योजना चालली. हवा तो खेळाडू नाव घेऊन मागता येत होता, नशिबाचा प्रश्नच नव्हता. नंतरच्या कुठल्याही योजनेपेक्षा ही मुलांच्या बाजूची होती, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१९५१-५२ मध्ये पार्कहर्स्ट कंपनीचा संच आला. गॉर्डी हाऊ आणि मोरिस रिशार यांची रूकी कार्डं, म्हणजे पहिली मानली जाणारी कार्डं, त्यातलीच. १९६८-६९ पासून लंडन, ऑन्टॅरिओची ओ-पी-ची कंपनी कॅनडात मुख्य झाली. १९७९-८० च्या तिच्या ३९६ कार्डांच्या संचात १८ क्रमांकावर हॉकीतला सर्वांत नावाजलेला खेळाडू वेन ग्रेट्झ्की आहे. या एका कार्डाने छंदाचं बाजारात रूपांतर व्हायला मोठा हातभार लावला.

ते हातात घेतलं की अडचण दिसते. चहूबाजूंनी निळी किनार, त्यामुळे कोपरा जरा घासला तरी पांढरा पुठ्ठा डोकावतो. छापील ताव तारेने कापले जात, म्हणून कडा खरखरीत. चित्र एका अंगाला सरकलेलं असणं तर नेहमीचंच. कार्डांचा दर्जा ठरवणाऱ्या पीएसए या कंपनीकडून दहापैकी दहा गुण मिळालेल्या, म्हणजे 'पीएसए १०' प्रती म्हणूनच दोनच आहेत. त्यातली एक २०१६ मध्ये ४ लाख ६५ हजार अमेरिकी डॉलरला गेली, डिसेंबर २०२० मध्ये १२.९ लाखांना आणि मे २०२१ मध्ये ३७.५ लाखांना. या कार्डाच्या नकलाही फार. ओ-पी-चीच्या कार्डाची मागची बाजू इंग्रजी-फ्रेंच दोन्ही भाषांत असते, टॉप्स या अमेरिकी कंपनीच्या कार्डाची फक्त इंग्रजीत. भिंगाखाली अस्सल कार्डावरची काळी अक्षरं सलग भरीव दिसतात, स्कॅन करून छापलेल्या नकलेत ती ठिपक्याठिपक्यांची होतात.

जुन्या कार्डांना पैसे मिळतात म्हटल्यावर १९९०-९१ मध्ये अपर डेक, स्कोअर आणि प्रो सेट हे कार्डांचे ब्रँड एकाच हंगामात हॉकीत उतरले. छपाई इतकी झाली की पोरांच्या शिक्षणासाठी म्हणून तळघरात जपून ठेवलेल्या त्या काळच्या बहुतेक खोक्यांना आज फारसं कुणी विचारत नाही. त्यातून कंपन्यांनी धडा घेतला तो कमी छापण्याचा: क्रमांक घातलेली कार्डं, सह्या, खेळाडूने घातलेल्या जर्सीचा तुकडा. त्याच सुमारास, १९९१ मध्ये, दर्जा ठरवून कार्ड प्लास्टिकच्या कवचात बंद करून देणारी पीएसए सुरू झाली. तिने पहिलं तपासलेलं कार्ड बेसबॉलच्या होनस वॅग्नरचं, जे ग्रेट्झ्कीनेच भागीदारीत ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं होतं.

कुटुंबांना खरा फटका बसला तो मक्तेदारीने. एनएचएल म्हणजे नॅशनल हॉकी लीगचा २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीत बुडाला आणि पुढच्या हंगामापासून कार्डं छापण्याचा परवाना एकट्या अपर डेककडे गेला. क्रॉस्बी आणि ओव्हेच्किन या दोन बड्या खेळाडूंची रूकी कार्डं त्याच हंगामातली. पानिनी या दुसऱ्या कंपनीलाही परवाना होता ती मधली काही वर्षं सोडली तर २०१४-१५ पासून पुन्हा तेच. मुलांना हवी असतात ती अपर डेकची 'यंग गन्स', नव्या खेळाडूंची कार्डं. २०१० च्या दशकात कार्डांच्या दुकानांतून मिळणाऱ्या मोठ्या खोक्यात, म्हणजे हॉबी बॉक्समध्ये, २४ पाकिटं, पाकिटात ८ कार्डं आणि अख्ख्या बॉक्समध्ये साधारण ६ यंग गन्स असत. एका मालिकेत अशी ५० वेगवेगळी. म्हणजे २०१५-१६ चं कॉनर मॅकडेव्हिडचं २०१ क्रमांकाचं कार्डच हवं असेल, तर सरासरी २०० पाकिटं फोडावी लागणार: आठहून जास्त बॉक्स, १६०० कार्डं. २०२३-२४ मध्ये कॉनर बेडार्डच्या ४५१ क्रमांकाच्या कार्डामागेही मुलं अशीच लागली.

त्यात २०२०-२१ ला घरी अडकलेले मोठे लोक पैसे घेऊन उतरले. पीएसएकडे इतका ढीग साचला की मार्च २०२१ अखेर तिला स्वस्त सेवा थांबवाव्या लागल्या. दुकानात माल आला की पुनर्विक्रेते उचलून नेत आणि पोरांच्या वाट्याला रिकामी फडताळं येत.

मुलाला एकच खेळाडू हवा असेल तर पाकिटं फोडू नका, ते कार्ड सुटं विकत घ्या. पाकीट फोडण्याची मजाच हवी असेल तर टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानांची तीन कार्डांची पाकिटं आहेत. २०१५ मध्ये ती पेयाबरोबर साधारण डॉलरभरात सुरू झाली. कार्ड आधी मऊ प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये, मग टॉपलोडर म्हणजे कडक प्लास्टिकच्या खोळीत घाला. थेट कडक प्लास्टिकमध्ये सरकवलं की पृष्ठभागावर ओरखडे उठतात. रबरबँड कडा चेपतो आणि जुन्या अल्बमांची पीव्हीसीची पानं कालांतराने कार्डाला चिकटतात. दर्जा ठरवायला पाठवण्यापूर्वी दिव्याखाली कार्ड तिरकं धरून ओरखडे बघा, चारही किनारी पट्टीने मोजा. नऊ गुण मिळाल्यावर ते कार्ड कितीला जातं हे झालेल्या विक्रीवरून पडताळा आणि त्यातून फी, टपाल, विमा वजा करा. साध्या यंग गन्सच्या बाबतीत हाती बहुधा काही उरत नाही.