मानेतले थंड गळू : चिरा कधी द्यायचा?

मानेत खोलवर पू झाला की एरवी ताप, ठणका, लाली असा सगळा गाजावाजा असतो. क्षयाचे गळू गुपचूप वाढते. हाताला गरम लागत नाही, फारसे दुखत नाही, आणि रुग्ण महिनाभराने येतो तो गिळताना अडकते म्हणून. त्याला थंड गळू म्हणतात ते यामुळेच.

मानेतल्या क्षयाच्या गाठी, म्हणजे गंडमाळ, राजाने हात लावला की बरी होते, असे इंग्लंड-फ्रान्समध्ये कैक शतके मानत. पुढे इंग्रजी कोशकार म्हणून गाजलेल्या सॅम्युअल जॉन्सनला लहानपणी, 1712 मध्ये, अ‍ॅन राणीकडे नेले होते; व्रण जन्मभर राहिले ते राहिलेच. काही गाठी आपोआप बसतात, त्याचे श्रेय राजांना मिळत गेले असावे.

24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कोख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला. कारण कळले, पण औषध नव्हते. गळू फोडावे तर जखम भरत नसे. नासूर होऊन महिनोन्‌महिने वाहायचा, त्यात दुसरे जंतू शिरायचे. त्यातून शल्यवैद्यांचा नियम बनला : उघडा चिरा टाळा, बाजूच्या निरोगी त्वचेतून तिरकी सुई घालून पू ओढा. घशामागच्या गळवालाही तोच न्याय. मोठ्या माणसात ते बऱ्याचदा मानेच्या किडलेल्या मणक्यातून आलेले असते. साधे गळू तोंडातून फोडतात. क्षयाचे उघडायची वेळ आलीच तर मानेच्या बाजूने.

1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, 1952 मध्ये आयसोनियाझिड वापरात आले, पुढे रिफॅम्पिसिन आले आणि चाकूचे काम आटले. आज गाठींसाठी साधारण सहा महिने औषधे देतात, मणका धरला असेल तर अधिक काळ. श्वास कोंडत असेल, मज्जारज्जूवर दाब असेल किंवा पू फार साठला असेल, तर मात्र तो काढावाच लागतो.

निदानाचे घोडे जास्त काळ अडले. सीटी आणि एमआरआयमुळे गळू कुठवर पसरलेय ते दिसू लागले, पण ते क्षयाचेच का, हे चित्रावरून ठरत नाही. या पुवात जंतू विरळ असतात. स्लाइडवर दिसत नाहीत, नेहमीच्या कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट ‘वाढ नाही’ असा येतो, आणि क्षयाच्या कल्चरला कित्येक आठवडे लागतात. 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिलेल्या जनुकीय चाचणीने काही तासांत उत्तर मिळू लागले, रिफॅम्पिसिन चालेल की नाही हेही कळू लागले. तरी ती निगेटिव्ह आली म्हणून क्षय नाही असे म्हणता येत नाही. आणि चूक अनेकदा आधीच झालेली असते : गाठीचा काढलेला सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे जंतू मारणाऱ्या टिकाऊ द्रावात, टाकला की कल्चरची वाट बंद. थोडा भाग नुसत्या सलाइनमध्ये पाठवणे एवढेच करायचे असते.

औषधे चालू असताना गाठ फुगते, कधी नवे गळूही दिसते. बरेचदा ती मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया असते. औषधे नियमित घेतली का आणि जंतू त्यांना दाद देतात का, हे पाहिल्याशिवाय उपचार बदलू नयेत.