ही पेटी जोडीनंच वाजते

एक पेटी आहे. तिच्यावर योग्य ठोकळा ठेवला की दिवा लागतो आणि गाणं वाजतं. असा ठोकळा म्हणजे ‘ब्लिकेट’. शब्द मुद्दाम निरर्थक निवडलेला, म्हणजे त्याबद्दल आधीपासून कुणाला काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नको. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या मानसशास्त्रज्ञ ॲलिसन गोपनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लिकेट ओळखायचं कोडं ४-५ वर्षांच्या मुलांना घातलं आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनाही. २०१४ साली निकाल प्रसिद्ध झाला. पोरं सरस ठरली.

आधी सगळ्यांना दाखवलं, की एकेकटा ठोकळा ठेवला तर पेटी ढिम्म. ठरावीक दोन एकत्र ठेवले तरच वाजते. मग नवे ठोकळे आले. पहिला तीनदा ठेवून पाहिला, काही नाही. दुसरा ठेवला, काही नाही. मग पहिल्याच्या जोडीला तिसरा ठेवला, आणि पेटी वाजली!

ब्लिकेट कोणता? मोठ्यांचा कौल तिसऱ्याला. पहिला तर तीनदा नापास झालेला. मुलांचं म्हणणं, दोघेही. आत्ताच तर पाहिलं, ही पेटी जोडीनंच वाजते.

मोठ्यांचं डोकं चालत नव्हतं असं मात्र नाही. एक बटण, एक दिवा हा जन्मभराचा अनुभव. बँकेच्या लॉकरसारख्या दोन किल्ल्या मागणाऱ्या वस्तू रोजच्या वापरात असतात किती? एकाच कारणावर बोट ठेवणं बहुतेक वेळा बरोबरच ठरतं. गोची होते ती समोरचा पुरावा वेगळं सांगत असताना. लहान मुलांकडे हा अनुभवाचा साठा नाही, म्हणून ती दिसतं ते मानतात. याला निरागसता वगैरे म्हणायची मला गरज वाटत नाही.

वस्तूंचंही तसंच. उंचावरची वस्तू काढायला खोका पालथा घालून त्यावर चढायचं, असं एक कोडं. खोका सामान भरलेला दाखवला, की ६-७ वर्षांच्या मुलांना ते सुचायला जास्त वेळ लागतो, कारण तो ‘सामान ठेवायचा’ असतो. ५ वर्षांच्या मुलांना काही फरक पडत नाही. म्हणजे डोक्यातले हे कप्पे पहिली-दुसरीतच पडू लागतात.

पण वय वाढेल तशी लवचीकता कमी होण्याचा हा उतार सरळ नाही. २०१७ साली गोपनिक यांच्या गटानं कोड्यात माणसं आणली. कुणी एखाद्या खेळण्याजवळ जातं, कुणी जात नाही. का? स्वभावामुळे, की खेळणंच तसं आहे म्हणून? ‘तो आहेच मुळी भित्रा’ म्हणून मोकळं होणं आपल्या किती अंगवळणी पडलंय! इथे पुराव्यानुसार मत बदलण्यात बालवाडीतल्या मुलांबरोबर पुढे होती किशोरवयीन मुलं. ६ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं, दोघांहून लवचीक. हीच किशोरवयीन मंडळी पेटीसमोर बसवली, की मात्र मोठ्यांसारखीच अडकतात.