पियानो रिसायटल : कार्यक्रमाची बांधणी

एकट्या पियानोवादकाने, कोणाच्याही साथीशिवाय केलेल्या मैफलीला रिसायटल म्हणतात. मध्यंतर धरून ती दीड-दोन तास चालते. तिच्यात कोणत्या रचना घ्यायच्या आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवणे म्हणजे कार्यक्रमाची बांधणी. मुंबईत अशा मैफली प्रामुख्याने नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात होतात. हिंदुस्थानी संगीतावर कान तयार झालेल्या श्रोत्याला तिथे पहिले नवल वाटते ते हातात पडणाऱ्या पत्रकाचे. ख्यालगायक तंबोरे जुळवताना समोरचा श्रोतृवर्ग पाहून राग बदलू शकतो. पियानोवादकाने मात्र आजची संध्याकाळ कित्येक महिन्यांपूर्वीच ठरवून टाकलेली असते.

ही प्रथा फार जुनी नाही. पियानोवादक फ्रान्झ लिस्टने १८३९ मध्ये रोममध्ये संपूर्ण मैफल एकट्याने करून पाहिली आणि १८४० मध्ये लंडनच्या जाहिरातीत ‘रिसायटल’ हा शब्द आला. तोवर तो कवितापठणासारख्या गोष्टींसाठी वापरला जाई, त्यामुळे पियानोवर पठण कसले करणार, असा प्रश्न लोकांना पडला. त्याआधी एकाच मैफलीत गायक, व्हायोलिनवादक, वाद्यवृंद अशी सगळी खिचडी असे. पियानोवादक क्लारा शुमानने बाख-बेथोवेनसारख्यांच्या भारदस्त रचनांना कार्यक्रमात मानाचे स्थान दिले आणि समोर कागद न ठेवता पाठ वाजवण्याचा पायंडा पाडण्यातही तिचा वाटा मोठा होता. रशियन पियानोवादक अँटोन रुबिनस्टाइनने १८८५-८६ च्या हंगामात सात मैफलींच्या मालिकेत पियानोसंगीताचा इतिहासच वाजवून दाखवला.

दौऱ्यावरचा वादक सहसा हंगामाला एक किंवा दोन कार्यक्रम बसवतो आणि गावोगावी तेच वाजवतो. आयोजकाने त्यांतला एक निवडायचा. बांधणीचा पहिला हिशेब मिनिटांचा असतो. बेथोवेनचा ओपस १०६ (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) हा सोनाटा, म्हणजे पियानोसाठीची अनेक भागांची मोठी रचना, पाऊण तास घेतो. त्याच्या जोडीला दुसरे अवजड काही ठेवले तर वादक आणि श्रोते दोघेही थकतात. दुसरा हिशेब शेजाराचा. ओपस १११ हा बेथोवेनचा शेवटचा, ३२ वा सोनाटा. त्याला दोनच भाग आहेत आणि तो सी मेजर या पट्टीत, अगदी हलक्या आवाजात विरतो. त्यानंतर काहीही वाजवले तरी ते उपरे वाटते. म्हणून तो शेवटी ठेवतात, किंवा १०९, ११० आणि १११ हे तिन्ही सलग घेऊन त्यांचीच संध्याकाळ करतात. पट्टीचेही तसेच: आधीची रचना ज्या स्वरावर संपते, त्याच्या उजेडात पुढची ऐकू येते. मारव्यानंतर लगेच भूप ऐकलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

पण खरी निवड कित्येकदा पत्रकावर दिसतच नाही. शूबर्टचा बी फ्लॅट सोनाटा (सूचीक्रमांक डी ९६०) घ्या. सप्टेंबर १८२८ मध्ये त्याने तो पूर्ण केला आणि नोव्हेंबरमध्ये तो गेला. सुरुवातीची संथ चाल सात बार (बार म्हणजे मात्रांचा एक गट) सरकते आणि आठव्यात डावा हात अगदी खाली, खर्जात, एक ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन स्वरांची जलद थरथर, घेतो. आवाज इतका दबका की दूरवर ढग गडगडल्यासारखा, मग शांतता. पहिल्या भागातल्या सुरुवातीच्या खंडाची पुनरावृत्ती करायची की नाही, हे वादकाच्या हाती असते. केली तर सुमारे पाच मिनिटे वाढतात आणि सोबत पुन्हा सुरुवातीकडे नेणारे, एरवी कधीच न वाजणारे नऊ बार मिळतात. त्यांत तीच ट्रिल एकदा पूर्ण ताकदीने कोसळते. पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेल ही पुनरावृत्ती गाळत आणि त्याचे लेखी समर्थनही करत. दुसरे पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर ती घेत, आणि एवढ्या संथ लयीत की एकटा पहिला भागच वीस मिनिटांच्या पुढे जाई. प्रस्तुत लेखकाचे मत रिख्टरच्या बाजूचे आहे. तो कडकडाट एकदा ऐकल्यावरच दबक्या ट्रिलची भीती कळते.

विसाव्या शतकातील रचना मध्यंतराआधी, म्हणजे श्रोता उठून जाऊ शकणार नाही अशा जागी ठेवण्याची युक्ती जुनीच आहे. मुंबईपुरते पाहिले तर फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियांची १९४४ मधील वीस तुकड्यांची पियानोमालिका इथे परकी वाटू नये. तिच्यात रागवर्धन, चंद्रकला या देशी तालांचे लयबंध आहेत. मेसियांला ते एका फ्रेंच संगीतकोशातील कोष्टकात सापडले. मूळ यादी शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरातली, म्हणजे तेराव्या शतकातल्या देवगिरीची, आजच्या दौलताबादची.

जागा आणि हवा यांचेही गणित असते. एनसीपीएत १९८० मध्ये सुरू झालेल्या टाटा थिएटरचा आराखडा फिलिप जॉन्सन यांचा आणि ध्वनियोजना सिरिल हॅरिस यांची. ध्वनिवर्धकाविना भारतीय संगीत ऐकता यावे, हा तिथला मूळ हेतू होता. त्यामुळे हळू वाजवलेलेही ऐकू येते आणि खोकलेही. बासरीवाला आपली बासरी घेऊन येतो, पियानोवाला जे असेल त्यावर बसतो. मोठ्या कॉन्सर्ट ग्रँडची लांबी पावणेतीन मीटरच्या आसपास असते आणि वजन पाचशे किलोच्या घरात. समुद्राकाठच्या दमट हवेत त्याचा साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा नाद वाढवणारी लाकडी फळी, फुगतो, तारांवरचा ताण वाढतो आणि सूर चढतो. ट्यूनर दुपारी येऊन दोनशेहून अधिक तारा लावतो आणि कधी मध्यंतरात पुन्हा हात फिरवतो.

पत्रकात नसते ते फक्त एन्कोर, म्हणजे श्रोत्यांच्या आग्रहावरून होणारी भर. संगीत नाटकांवर वाढलेल्या मराठी श्रोत्याचा ‘वन्स मोअर’ म्हणजे तेच पद पुन्हा. युरोपातही पूर्वी तसेच चाले, १८१३ मध्ये बेथोवेनच्या सातव्या सिंफनीचा दुसरा भाग पहिल्याच प्रयोगात पुन्हा वाजवावा लागला होता. आता एन्कोर म्हणजे दुसरीच, बहुधा छोटी रचना. भैरवी झाली की आपल्याकडे मैफल संपते, कोणी पुढे काही मागत नाही. इथे मात्र टाळ्या थांबल्या नाहीत तर एकाची तीन एन्कोर होतात. वादक बसता बसता मान वळवून रचनेचे नाव पुटपुटतो. पहिल्या दोन रांगांना ते कळते; मागचे एकमेकांना विचारत राहतात, “काय म्हणाले?”, तोवर सुरुवात झालेली असते.